पाठीवर बिऱ्हाड : पाइन बॅरन्समधली वीस मैलांची वाट

(मंडळाच्या निधिसंकलन मेळाव्यात भटकंती गटातर्फे केलेलं भाषण)



व्यासपीठावरचे पदाधिकारी, देणगीदार, आणि मागच्या रांगेत बसून मसालेभाताच्या वासाकडे लक्ष ठेवून असलेले आमचे मित्रहो! अध्यक्षांनी आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. ती पाळायचा आमचा विचार आहे, कारण जेवण आम्हालाही हवं आहे.

आम्ही म्हणजे मंडळाचा भटकंती गट. गेल्या मे महिन्याच्या शेवटी आमच्यातले चौदा जण न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये दोन दिवस चालून आले, आणि तुमच्यापैकी अनेकांनी दर मैलामागे देणगी कबूल केली. ‘आमचे पैसे नेमक्या कसल्या चालण्याला गेले ते तरी सांगा’, असा प्रेमळ दम आम्हाला मिळाला आहे. म्हणून हे भाषण.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करू. ‘कॅम्पिंग’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यासमोर येतं ते असं : गाडी तंबूच्या दारात, बर्फाने भरलेला कूलर, तीन बर्नरची शेगडी, कोणीतरी आणलेला पत्त्यांचा कॅट आणि कढीपत्त्याच्या फोडणीसह साग्रसंगीत पोहे. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं, आणि त्यात काही कमीपणा नाही. पण या वेळचा प्रकार वेगळा. इंग्रजीत त्याला ‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’ म्हणतात. शब्दाला घाबरू नका. अर्थ एवढाच, की मुक्कामाच्या जागी गाडी जात नाही, वीज नाही, नळ नाही, न्हाणीघर नाही. जे लागेल ते स्वतःच्या पाठीवरून न्यायचं आणि जे उरेल ते, कचऱ्यासकट, पाठीवरूनच परत आणायचं. विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात तसं.

वाट निवडली ती बटोना ट्रेल. ‘बॅक टू नेचर’ या तीन शब्दांची अद्याक्षरं जोडून हे नाव तयार झालं. फिलाडेल्फियाच्या बटोना हायकिंग क्लबच्या हौशी मंडळींनी १९६१ साली ही वाट आखायला घेतली. आज ती सुमारे ५३ मैलांची आहे. ब्रेंडन बर्न स्टेट फॉरेस्टमध्ये सुरू होते, वॉर्टन स्टेट फॉरेस्टमधून जाते आणि बास रिव्हर स्टेट फॉरेस्टमध्ये संपते. झाडांच्या बुंध्यावर गुलाबी रंगाचे पट्टे मारलेले असतात. एक पट्टा दिसला की पुढचा शोधायचा. एकावर एक असे दोन पट्टे दिसले, की पुढे वळण आहे असं समजायचं. आमच्यातल्या नऊ वर्षांच्या सर्वांत धाकट्या भिडूने हे काम स्वतःकडे घेतलं आणि दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही.

आम्ही पूर्ण वाट चाललो नाही. ॲपल पाय हिलपासून बॅट्स्टोपर्यंतचा सुमारे २० मैलांचा तुकडा घेतला. एका टोकाला काही गाड्या आदल्या दिवशीच सोडून ठेवल्या. हिल म्हणजे डोंगर असं समजू नका. उंची जेमतेम २०० फूट. सह्याद्रीत याला कोणी टेंगूळसुद्धा म्हणणार नाही. पण त्या सपाट प्रदेशात तेवढ्यानेही चहूकडे फक्त झाडांचे शेंडे दिसतात. अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या राज्यात आपण उभे आहोत, हे क्षणभर खरं वाटत नाही. आपल्यातले कितीतरी जण एडिसन, प्लेन्सबरो भागात वीस-वीस वर्षं राहिले. गार्डन स्टेट पार्कवेवरून समुद्रावर जाताना दोन्ही बाजूंची बुटकी पाइनची झाडं बघितली, आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून पुढे गेले. हे ‘काहीच नाही’ म्हणजे सुमारे ११ लाख एकर आहे, राज्याचा पाचवा हिस्सा! १९६० च्या दशकात इथे एक अवाढव्य विमानतळ करायचं घाटत होतं. ते झालं नाही. १९७८ साली हा देशातला पहिला ‘नॅशनल रिझर्व्ह’ झाला आणि १९७९ साली राज्याने संरक्षणाचा कायदा केला. तेव्हाचे गव्हर्नर ब्रेंडन बर्न, ज्यांचं नाव आता वाटेच्या सुरुवातीच्या जंगलाला आहे.

आता ओझ्याबद्दल, कारण पहिल्या दोन मैलांत सगळं बोलणं त्याच्यावरच होतं. पुस्तकी नियम असा, की पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा फार नसावं. मराठी माणूस जंगलात निघाला की हा नियम स्वयंपाकघरातच मोडतो. निघायच्या आठवडाभर आधी आम्ही सगळ्यांच्या पिशव्या एका घरी तराजूवर ठेवल्या. त्यातून लोणच्याची काचेची बरणी, सांडशी, दोन किलो भडंग आणि एक पोळपाट बाहेर काढावा लागला. पोळपाट कोणाचा ते सांगणार नाही, त्या मावशी समोरच बसल्या आहेत. शेवटी ठरलं ते असं : पहिल्या दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री मुगाच्या डाळीची खिचडी आणि मेतकूट, सकाळी घरून भाजून नेलेल्या रव्याचा उपमा, वाटेत खायला गूळ-शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या वड्या. मंडळी, बाजारात मिळणारी ती महागडी वाळवलेली जेवणाची पाकिटं घेऊच नका. आपल्या आज्यांनी पंढरीच्या वाटेसाठी जे शोधून ठेवलंय, ते त्याहून हलकं, टिकाऊ आणि चवीला कितीतरी सरस आहे.

पण सर्वांत जड काय असतं? पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटछाट नाही. मेमध्ये दिवसभर चालणाऱ्याला पिण्याचंच तीनएक लिटर लागतं. स्वयंपाकाचं वेगळं. आमचा मुक्काम लोअर फोर्ज नावाच्या जागी होता. पहिल्या दिवशी सुमारे ११ मैल चालून तिथे पोचायचं, आणि तिथे नळ नाही, हातपंपही नाही. शेजारून बॅट्स्टो नदी वाहते, तिचंच पाणी भरायचं. आणि हे पाणी, मंडळी, चहासारखं दिसतं! अगदी दूध न घातलेल्या कोऱ्या चहासारखं. सीडरच्या झाडांतून उतरणारं टॅनिन आणि मातीतलं लोह यांमुळे तो रंग येतो. घाण नाही ती. पूर्वी जहाजांचे कप्तान लांबच्या सफरीसाठी हेच पाणी पिंपं भरून नेत, ते लवकर खराब होत नसे, असं इथे सांगतात. तरी आपण तसंच पिऊ नये. जंगलातल्या कोणत्याही ओढ्यात जंतू असू शकतात. आम्ही गाळणीतून काढलं आणि स्वयंपाकाचं खळखळून उकळलं. गाळून जंतू जातात, रंग जात नाही. त्यामुळे खिचडी हळद न घालताही पिवळी झाली.

या पाण्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जोसेफ वॉर्टन हे नाव इथे सगळ्यांना पाठ आहे. ज्याच्या नावाच्या बिझनेस स्कूलमध्ये आपली मुलं जावीत म्हणून आपण देव पाण्यात बुडवून बसतो, तोच हा फिलाडेल्फियाचा उद्योगपती. त्याने १८७६ साली बॅट्स्टो विकत घेतलं आणि पुढे आजूबाजूची हजारो एकर जमीन घेत गेला. कशासाठी? पाइन बॅरन्सच्या वाळूखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे, आजचा अंदाज १७ लाख कोटी गॅलनचा. वॉर्टनचा बेत असा होता, की इथले ओढे अडवायचे आणि पाणी नळाने फिलाडेल्फियाला न्यायचं. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने राज्याबाहेर पाणी न्यायला कायद्याने मनाई केली आणि बेत बारगळला. १९५० च्या दशकात राज्याने ती जमीन विकत घेतली. आज तिथे आपण फुकट चालतो, तंबूचे मात्र थोडे पैसे पडतात.

आता आमच्यातले काही जण मूळचे ठाणे-पालघरकडचे. नदीकाठी बाटल्या भरता भरता विषय निघाला तो जव्हार-मोखाड्याचा, कारण या वर्षीचा आपला निधी तिथल्याच एका आश्रमशाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी आहे. मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं त्याच डोंगरपट्ट्यातली. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस नुसता कोसळतो. आणि मार्च-एप्रिल उजाडला की त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. असं का होतं? सरकारी ढिलाई आहेच, पण जमिनीचंही कारण आहे. पाइन बॅरन्सची जमीन वाळूची. पडलेला थेंब खाली जातो आणि तिथेच राहतो. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा, घट्ट. पाणी मुरायला जागा थोडी, उतार मोठा. पाऊस येतो तसा ओढ्याने, नदीने निघून जातो, किंवा धरणात अडतो आणि नळाने शहरात जातो. वॉर्टनला जे इथे जमलं नाही, ते तिथे जमलं आहे. यात कोणाला दोष द्यायचा नाही. मुंबईचं पाणी पिऊनच आम्ही वाढलो. पण हिशेब माहीत असावा.

टाकीचं गणितही सांगतो, कारण देणगीदारांनी ते विचारलंय. छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दर चौरस मीटरला एक लिटर पाणी मिळतं. समजा, शाळेचं छप्पर २०० चौरस मीटरचं आहे. तर १,००० मिलिमीटर पावसात कागदावर दोन लाख लिटर होतात. गळती, वाफ, पहिल्या सरीचं सोडून द्यायचं घाण पाणी हे वजा केलं तरी पुष्कळ उरतं. पाऊस कमी नाही, साठवायला जागा नाही. म्हणून टाकी. ती बंद हवी, नाहीतर डास होतात. पन्हळीला जाळी हवी. आणि दरवर्षी मेमध्ये कोणीतरी आत उतरून ती घासायला हवी. या घासण्याच्या खर्चासाठी आपण पाच वर्षांची रक्कम वेगळी काढून ठेवतो आहोत. कोनशिला बसवायला पैसे सगळे देतात, घासायला कोणी देत नाही. म्हणून हा आग्रह आमचा.

असो. परत वाटेवर येऊ.

वाटेत सर्वांत जास्त भीती कशाची? अस्वलाची नाही, सापाचीही नाही. टिंबर रॅटलस्नेक तिथे आहे खरा, पण राज्यात तो आता दुर्मिळ आणि संरक्षित आहे, आणि आपल्याला टाळायची त्यालाच जास्त घाई असते. भीती बाळगायची ती गोचिडीची. मे-जूनमध्ये तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. लाइम नावाचा आजार त्यांच्यामार्फत होतो. कनेक्टिकटमधल्या ज्या गावात १९७० च्या दशकात तो प्रथम ध्यानात आला, त्या गावाचं हे नाव. उपाय साधे आहेत, पण कंटाळा न करता करायला हवेत. फिकट रंगाची लांब पॅण्ट, तिचे पाय मोज्यात खोचलेले. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिनचा फवारा. आणि रात्री व घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागे, केसांत नीट तपासणी. गोचीड चिकटलेली दिसली तर तेल, काडी, तंबाखू असले घरगुती प्रयोग नकोत. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. साधारणपणे ती २४ तासांहून अधिक चिकटून राहिली तरच हा आजार द्यायला तिला पुरेसा वेळ मिळतो, त्यामुळे रोजची तपासणी अर्धं काम करते. नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा आणि जंगलात गेलो होतो हे आठवणीने सांगा. आमच्या चौदा जणांत मिळून सात गोचिडी निघाल्या, सगळ्या कपड्यांवर.

दुसरा न विचारलेला, पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न : परसाकडचं काय? वाटेपासून आणि पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, खुरप्याने सहा ते आठ इंच खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणायचा. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ, एकाहत्तर वर्षांच्या काकूंना आम्ही हे फार संकोचाने सांगत होतो. त्या म्हणाल्या, “अरे, आम्ही लहानपणी कोकणात काय केलं असं वाटतं तुम्हाला? खुरपं इकडे द्या.” विषय संपला.

पहिल्या दिवशी जेवणानंतर वाटेवर कारान्झा स्मारक लागलं. जंगलात मध्येच एक दगडी खांब, त्यावर खाली झेपावणारा गरुड. एमिलिओ कारान्झा हा मेक्सिकोचा वैमानिक जुलै १९२८ मध्ये न्यूयॉर्कहून मायदेशी निघाला होता. वादळात सापडून त्याचं विमान इथे कोसळलं. वय वर्षं २२. मेक्सिकोतल्या शाळकरी मुलांनी नाणी जमवली आणि त्यातून हा खांब उभा राहिला. इथल्या गावचे माजी सैनिक दर जुलैमध्ये तिथे जमून त्याला मानवंदना देतात. आमच्यातली मुलं बराच वेळ त्या खांबाशी रेंगाळली. किती मुलांनी किती नाणी दिली असतील, याचा त्यांनी हिशेब मांडला. आम्ही तो दुरुस्त केला नाही.

लोअर फोर्जला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. पांढरी वाळू, काळ्या बुंध्यांची झाडं आणि बाजूला तांबूस नदी. हे बुंधे काळे का, तर आगीने. हे जंगल आगीवरच जगतं. इथल्या पिच पाइनच्या झाडाची साल जाड असते. आग लागून गेल्यावर बुंध्यातूनच नवी पालवी फुटते. काही झाडांची फळं तर इतकी घट्ट राळेने मिटलेली असतात, की आगीची धग लागल्याशिवाय उघडत नाहीत आणि बी पडत नाही. म्हणून वनखातं हिवाळ्यात मुद्दाम थोडंथोडं जाळून घेतं. पण याचा अर्थ आपण पेटवावं असा नाही. जून २०२२ मध्ये याच वॉर्टनच्या जंगलात सुमारे १३,५०० एकर जळलं, आणि तपासात कारण निघालं ते कोणीतरी बेकायदा पेटवलेली, न विझवता सोडलेली शेकोटी. न्यू जर्सीत कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी येते, निघायच्या दिवशी ती बघूनच निघावं. आम्ही शेकोटी केलीच नाही. छोट्या गॅसच्या शेगडीवर खिचडी झाली. मुलं थोडी हिरमुसली, पण शेकोटी नसली की एक फायदा होतो : डोळे अंधाराला सरावतात आणि कान उघडतात.

काय काय ऐकलं त्या रात्री! व्हिप-पुअर-विल नावाचा रातवा जातीचा पक्षी, स्वतःचंच नाव न थकता शेकडो वेळा घोकणारा. नदीकडून पाइन बॅरन्सचा प्रसिद्ध हिरवा झाडबेडूक. जांभळी किनार असलेला हा इवलासा प्राणी बदकासारखा ‘क्वांक क्वांक’ करतो. आणि मग अर्थातच जर्सी डेव्हिलची गोष्ट. १७३५ साली लीड्स नावाच्या बाईला तेरावं मूल झालं, ते पंख आणि खूर घेऊन जन्मलं आणि धुराड्यातून उडून गेलं, अशी दंतकथा आहे. राज्याच्या हॉकी संघाला त्याचंच नाव दिलंय. एका काकांनी त्यावर कोकणातला चकवा आणि देवचार आणून बसवले, आणि साडेनऊनंतर तंबूच्या बाहेर जायला कोणी तयार होईना. काकांसकट.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगत नाही. सुमारे नऊ मैल, खांदे दुखरे, पण पाय मोकळे झालेले. क्वेकर ब्रिजला नदी ओलांडली. दुपारी बॅट्स्टो आलं. १७६६ साली इथे लोखंडाची भट्टी सुरू झाली. लोखंड खाणीतलं नव्हे, ते याच तांबड्या पाण्यातून दलदलीत साचणारं, आणि कोळसा याच झाडांचा. स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळे इथून गेले. तिथल्या नळाचं थंड, रंग नसलेलं पाणी आम्ही किती प्यालो ते विचारू नका.

आता कामाचं. दर मैलाची कबुली दिलेल्यांची कार्डं मागच्या टेबलावर नावांप्रमाणे लावली आहेत. चौदाही जणांनी वीस मैल पूर्ण केले, त्यामुळे सूट मागायला कोणाला जागा नाही. ज्यांनी अजून कबुली दिली नाही, त्यांच्यासाठी कोरी कार्डं आहेत. टाकीचा आराखडा आणि शाळेने पाठवलेलं खर्चाचं पत्रक टेबलावरच बघायला ठेवलंय. प्रश्न असतील तर तिथे आमच्यातले दोघे जेवणानंतर उभे राहतील.

ऑक्टोबरमध्ये पुढचा तुकडा, बॅट्स्टोपासून बास रिव्हरपर्यंत. तेव्हा क्रॅनबेरीची कापणी चालू असते. यायचं असेल तर आज नाव द्या आणि नवे बूट घेणार असाल तर या आठवड्यातच घ्या, घरात, ऑफिसात घालून महिनाभर पायाला सवय करा. पोळपाट आणू नका.